फुले झाडण्याचे पैसे

पहिला दिवस: शांघाय

छिंगमिंगचा सण उलटून चार-पाच दिवस झाले असताना, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी शांघायला पोहोचले. ही वेळ मुद्दाम निवडली होती. छिंगमिंग हा पितरांच्या स्मरणाचा दिवस असून त्या दिवशी कुटुंबे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करतात, आणि त्याच सुमारास यांगत्सेच्या खोऱ्यात वसंत फुलून येतो. दोनशे वर्षांपूर्वी सुझोऊ शहरात याच दिवसापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत धनिकांच्या खासगी बागा सर्वांसाठी उघडत असत. शहराच्या चालीरीतींची १८३० साली नोंद करणाऱ्या गू लू या लेखकाने लिहून ठेवले आहे की, दारावरचा राखणदार येणाऱ्याकडून थोडीशी रक्कम मागे आणि मग त्याला हवे तेवढे हिंडू देई. त्या रकमेला ‘फुले झाडण्याचे पैसे’ असे नाव होते. इमारती आणि बागांची रचना शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, परंतु बाग सार्वजनिक कशी होते या प्रश्नाचा विचार मी या तीन शब्दांपाशी येईपर्यंत नीट केलाच नव्हता. राजवट बदलते, कायदा होतो आणि एके दिवशी दरवाजे उघडतात, अशीच माझी समजूत होती. त्या राखणदाराने ते दार पूर्वीच किलकिले करून ठेवले होते, हे पाहण्यासाठी मी आले होते.

माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त सहा वर्षे शांघायात राहतो आणि त्याला चिनी भाषा उत्तम येते. त्याने आठवडाभराची रजा काढली होती. विमानतळावरून थेट जुन्या शहरातील यू युआन या बागेत जाऊ या, असे मी म्हटल्यावर तो म्हणाला, “ताई, आधी जेवून तरी घे.” आम्ही जेवलो आणि मग गेलो.

यू युआनची कथा एका मुलाच्या पितृभक्तीपासून सुरू होते. पान युनद्वान याने १५५९ साली घराशेजारच्या भाजीच्या मळ्यात दगड रचायला आणि तळी खणायला प्रारंभ केला. सिच्वानमधील अधिकारपद सोडून १५७७ साली परतल्यावर त्याने सगळी संपत्ती या कामात ओतली. वृद्ध वडिलांचे मन प्रसन्न राहावे हा हेतू त्याने बागेच्या नावातच गुंफला होता, परंतु वडील १५८२ साली गेले. पुढे घराण्याला उतरती कळा लागली आणि बाग उजाड होत गेली. १७६० साली शहरातील व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ती विकत घेतली, नगरदेवतेच्या मंदिराला जोडली आणि सुमारे वीस वर्षे खपून तिची दुरुस्ती केली. मंदिराची बाग झाल्यामुळे भाविकांना ती मोकळी झाली, आणि दुरुस्तीचा खर्च ज्यांनी उचलला त्या व्यापारी संघांनी एकेका दालनात आपापली कचेरी थाटली. फुजियानच्या साखर व्यापाऱ्यांचा संघ ज्या दालनात बसे, तेच दालन १८५३च्या उठावात ‘छोटी तलवार’ या बंडखोर संघटनेचे मुख्य ठाणे झाले.

नऊ वळणांचा पूल आणि त्याच्या मध्यावरचे चहागृह पाहायला आज हजारो लोक लोटतात. तो पूल आणि ते तळे आता तिकीटघराच्या बाहेर, बाजाराच्या मधोमध आहेत, परंतु मुळात ते पान कुटुंबाच्या बागेचाच भाग होते. तळ्यातला मंडप कापड व्यापाऱ्यांनी १७८४ साली उभारला आणि १८५५ साली तेथे चहागृह सुरू झाले. मी पुलाच्या तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून उभी राहिले. एका बाजूला भिंतीआडची जुनी बाग होती, तर दुसऱ्या बाजूला बाजाराने कधीच आपलीशी केलेली बाग होती. एकाच बागेचे हे दोन तुकडे. एकात तिकीट काढून जावे लागते आणि दुसऱ्यात लोक वाफाळलेले मोमो खात फिरतात.

संध्याकाळी ‘बंड’ नावाच्या नदीकाठच्या रस्त्यावर गेलो. तेथील हुआंगपू बाग १८६८ साली परदेशी वसाहतीच्या नगरपालिकेने केली आणि चिनी नागरिकांना ती साठ वर्षे बंद होती. चिनी माणूस आत जाऊ शके तो गोऱ्या मुलांना सांभाळणारा नोकर म्हणून. ‘कुत्री आणि चिनी यांना प्रवेश नाही’ अशा शब्दांची पाटी तेथे होती, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. प्रत्यक्षात नियमांच्या फलकावर बाग परदेशी रहिवाशांसाठी राखीव असल्याचे एक कलम आणि कुत्र्यांना व सायकलींना मनाई करणारे दुसरे कलम होते. दोन कलमे एका वाक्यात जोडली गेली ती अपमान झालेल्या माणसांच्या स्मरणात, आणि त्या जोडणीला मी खोटे म्हणणार नाही. अखेर १ जून १९२८ रोजी तिकीट काढून चिनी नागरिकांना तेथे प्रवेश मिळाला. ‘सार्वजनिक बाग’ हे नाव मिरवणारी शहरातील पहिली बाग शहरातल्या बहुसंख्य लोकांना बंद होती, तर धनिकाची खासगी बाग फुले झाडण्याच्या पैशांवर उघडत होती. बाग आणि तिचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर नावावरून मिळत नाही, हे पहिल्याच संध्याकाळी माझ्या मनावर ठसले.

दुसरा दिवस: सुझोऊ

शांघायहून वेगवान गाडीने सुझोऊला अर्ध्या तासात पोहोचता येते. सामान ठेवून आम्ही थेट त्सांगलांग मंडपाकडे गेलो, कारण आज उभ्या असलेल्या सुझोऊच्या बागांमध्ये ही सर्वांत जुनी आहे. सू शुनछिन नावाचा कवी आणि अधिकारी राजधानीत होता. कचेरीतील रद्दी कागद विकून त्या पैशांतून सहकाऱ्यांना मेजवानी दिल्याचा ठपका ठेवून १०४४ साली त्याला पदावरून काढण्यात आले. तो सुझोऊला आला, एक ओसाड जागा चाळीस हजार नाण्यांना विकत घेतली आणि पाण्याकाठी मंडप बांधला. त्याचा मित्र ओउयांग शिऊ याने कवितेत लिहिले की, निर्मळ वारा आणि चांदणे यांचे मोल करता येत नाही, तरी खेदाची गोष्ट अशी की ते चाळीस हजारांत विकले गेले. मला ही ओळ फार आवडते, कारण बागेच्या मालकीविषयीचा सगळा पेच तिच्यात आला आहे.

सुझोऊच्या इतर बागा गल्लीतून कोऱ्या पांढऱ्या भिंतीसारख्या दिसतात. आत काय आहे याचा बाहेरच्याला सुगावा लागत नाही. त्सांगलांगचे तसे नाही. तिच्यासमोर कालवा आहे आणि काठावर उंच भिंतीऐवजी ओवरीसारखी लांब पडवी आहे, जिच्या मधोमध एक भिंत असून तिच्या दोन्ही अंगांनी चालता येते. भिंतीत जाळीदार खिडक्या आहेत. बाहेरच्या अंगाने चालताना पाणी दिसते आणि खिडकीतून आतला दगडी डोंगर दिसतो. आतल्या अंगाने चालताना डोंगर दिसतो आणि खिडकीतून पाणी चमकते. संपूर्ण बागेत अशा खिडक्यांचे १०८ नमुने आहेत असे म्हणतात. मी सलग सात-आठ खिडक्या रेखाटून पाहिल्या आणि माझ्या वहीत एकही नक्षी दुसऱ्यांदा आली नाही. एका खिडकीत चुन्याच्या केळीच्या पानाचा आकार होता आणि पलीकडे खऱ्या बांबूची पाने हलत होती. तिकीट न काढता कालव्यापलीकडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसालाही या बागेतला निम्मा आनंद मिळतो. बाग बांधताना तसा हेतू असो वा नसो, तिचे तोंड गावाकडे आहे.

कदाचित म्हणूनच ती एका घराण्याची फार काळ राहिली नाही. १६९६ साली सोंग लुओ या प्रांताधिकाऱ्याने तिचा जीर्णोद्धार केला आणि मंडप पाण्याकाठावरून टेकडीवर नेला. पुढे सुझोऊशी संबंध असलेल्या सुमारे पाचशे थोर पुरुषांची चित्रे दगडात कोरून एका दालनाच्या भिंतींत बसवण्यात आली. तायपिंग बंडाच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बादशाही राजवटीविरुद्ध झालेल्या मोठ्या उठावाच्या, धामधुमीत बाग उद्ध्वस्त झाली आणि १८७३ साली पुन्हा उभी राहिली, तीही प्रांताधिकाऱ्याच्याच पुढाकाराने. खासगी बागेपासून सार्वजनिक बागेकडे जाताना मधला टप्पा बहुधा हाच असतो, की बाग एका माणसाची उरत नाही आणि अजून सगळ्यांची झालेलीही नसते.

रात्री मावसभावाला मी सोंग राजवटीच्या काळातील आणखी एक गोष्ट सांगितली. लुओयांग शहरात सिमा ग्वांग या इतिहासकार मुत्सद्द्याची साधी बाग होती. त्या शहरात अशी रीत होती की, बाग पाहायला येणारे लोक माळ्याला चहापाण्याचे पैसे देत आणि हंगाम संपला की ते पैसे माळी व मालक निम्मे-निम्मे वाटून घेत. सिमाच्या माळ्याने जमलेली रक्कम त्याच्यापुढे ठेवली. सिमाने ती घेतली नाही. काही दिवसांनी बागेत विहिरीवर नवा मंडप उभा राहिलेला दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की, माळ्याने त्या पैशांतून तो बांधला होता. अकराव्या शतकातील ही हकिगत आहे. पाहायला येणाऱ्यांच्या पैशांतून बागेत भर पडल्याचे याहून जुने उदाहरण माझ्या वाचनात नाही. मावसभाऊ थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे ताई, तिकीट नव्हतंच ते. वर्गणी होती.”

तिसरा दिवस: झुओझंग युआन

सुझोऊतील सर्वांत मोठी आणि सर्वांत गर्दीची बाग पाहण्याचा दिवस. आधी नाव नोंदवून, पासपोर्ट दाखवून, ठरलेल्या वेळेला आत जावे लागते. बाग सुमारे पाच हेक्टरांची असून ती पाहायला मी संपूर्ण दिवस राखून ठेवला होता आणि तोही अपुरा पडला.

वांग शियानचन हा मिंग काळातील अधिकारी. नोकरीत कटकटी सोसून तो घरी परतला आणि १५०९ सालाच्या सुमारास त्याने ही बाग करायला घेतली. कित्येक शतकांपूर्वीच्या एका लेखनात झाडांना पाणी घालणे आणि भाजीपाला विकणे हाही साध्या, अडाणी माणसाचा राज्यकारभारच आहे, अशा अर्थाचे वचन होते. त्यावरून बागेला नाव मिळाले. थोर चित्रकार वेन झेंगमिंग याने १५३३ साली बागेचे वर्णन लिहिले आणि तिच्या एकतीस ठिकाणांची चित्रे काढली. वांगच्या मुलाने एका रात्रीच्या जुगारात ही बाग घालवली असे सांगतात. त्यानंतर तिचे तुकडे पडले. पूर्वेकडच्या भागात १६३१ साली वेगळी बाग झाली. पश्चिमेकडचा भाग १८७७ साली झांग ल्यूछियान या मिठाच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या गृहस्थाने घेतला. मधला भाग १८६०च्या दशकात तायपिंग बंडखोरांचा सेनानी ली शियोछंग याच्या वाड्यात गेला आणि पुढे उत्तरेकडून आलेल्या अधिकाऱ्यांची सभागृह-वजा धर्मशाळा झाला. १९५१ साली ही मालमत्ता सरकारी पुरातत्त्व समितीकडे आली, दुरुस्ती झाली आणि १९५२च्या नोव्हेंबरमध्ये मधला व पश्चिमेचा भाग लोकांसाठी उघडला. पूर्वेचा भाग १९६० साली उघडला, आणि मला वाटते, या बागेची खरी कथा त्या शेवटच्या तारखेपाशी आहे.

कारण आज सर्वांना आत सोडतात ते पूर्वेकडून. तेथील जुनी बाग जवळजवळ नाहीशी झालेली होती, म्हणून ती पुन्हा रचताना मोठी हिरवळ, रुंद वाटा, मोकळे आकाश आणि चहापानाची जागा करण्यात आली. एकाच वेळी शेकडो माणसे आली तरी त्यांना पांगायला जागा हवी, हा विचार त्यामागे दिसतो आणि तो योग्यच आहे. परंतु मूळ बागेत येण्याची रीत अगदी वेगळी होती. दोन घरांच्या भिंतींमधल्या अरुंद बोळातून चालत यायचे, एका लहान दारातून आत शिरायचे आणि समोर पिवळ्या दगडांचा डोंगर आडवा. पाणी, कमळे, मंडप यांतले काहीही दिसू नये म्हणून तो डोंगर तेथे ठेवलेला. त्याला वळसा घातला की एकदम तळे उघडे पडते आणि समोर कमळांच्या दूरवर दरवळणाऱ्या गंधाचे नाव मिळालेले दालन येते. मी पूर्वेच्या हिरवळीवरून आले आणि मधल्या भागात शिरल्यावर मुद्दाम दक्षिणेकडे जाऊन ते जुने लहान दार शोधून काढले. दाराकडे पाठ करून उभी राहिले, डोंगराला वळसा घातला आणि जशी बाग पाहायची होती तशी पाहिली. माझ्यामागून एक आजोबा नातवाला घेऊन येत होते. त्यांनीही तसेच केले. कोणी न सांगता केले, हे पाहून मला फार बरे वाटले.

तळ्याच्या पूर्वेकडच्या मंडपाजवळ उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की पाण्याच्या टोकाशी, झाडांच्या मधल्या फटीत, उत्तर मंदिराचा मनोरा दिसतो. तो बागेत नाही. शहरात, बराच दूर आहे. याच परिसरात जन्मलेल्या जी छंग याने सतराव्या शतकात बागरचनेवर ग्रंथ लिहिला, त्यात अशा देखाव्याला जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ ‘उसना देखावा’ असा होतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही कल्पना वर्षानुवर्षे चित्रांवरून शिकवली. प्रत्यक्षात तिचा अर्थ मला आज नव्याने कळला. धनिक माणूस स्वतःचे काहीही कोणाला दाखवत नाही, चारी बाजूंनी भिंत घालतो, आणि तरी गावाचा मनोरा मात्र उसना घेतो. बागेला गाव हवे असते. फक्त गावाने आत यावे अशी तिची तयारी व्हायला आणखी चारशे वर्षे लागली.

पश्चिमेच्या भागात एक याहूनही हृद्य गोष्ट आहे. झांग ल्यूछियान याच्या बागेच्या आणि मधल्या बागेच्या मध्ये भिंत होती. त्या भिंतीलगत दगडी टेकाडावर एक मंडप आहे. त्यात बसले की भिंतीवरून शेजारची बाग दिसते, आणि शेजारच्या बागेतून पाहिले तर हाच मंडप त्यांच्या देखाव्याचा भाग होतो. हिरवी विलो झाडे दोन घरांचा वसंत होतात, अशा अर्थाच्या बाय जुयी या तांग काळातील कवीच्या ओळीवरून त्या मंडपाचे नाव ठेवले आहे. मी तेथे जवळजवळ पाऊण तास बसले. खाली गर्दीचा लोंढा वाहत होता, वाटाड्यांच्या ध्वनिवर्धकांचा आवाज येत होता, आणि तरी तो मंडप नेमका कशासाठी बांधला हे अगदी लख्ख समजत होते.

खाली उतरताना पायांखालच्या फरशीकडे लक्ष गेले. लहान गोटे, कौलांच्या कडा आणि फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे उभे बसवून फुलांची नक्षी केलेली होती. कडेला, जेथे कोणी पाऊल टाकत नाही, तेथे गोटे खडबडीत आणि मातकट होते. मधोमध मात्र ते इतके गुळगुळीत झाले होते की त्यांत आकाश दिसत होते. पूर्वी या वाटेने दिवसातून दहा-बारा माणसे जात असतील. अर्ध्या तासात मी ज्यांना मोजले तेच तीनशेच्या वर होते. बागांचे अभ्यासक छन छोंगझोऊ यांनी चिनी बागांमध्ये बसून पाहण्याच्या आणि चालत पाहण्याच्या अशा दोन तऱ्हा सांगितल्या आहेत. लहान बाग मुख्यतः बसून पाहायची असते. आजच्या रांगेला बसता येत नाही, आणि सार्वजनिक होताना या बागांनी गमावलेली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते ही बैठक आहे. तरीही दार बंद असावे असे मला क्षणभरही वाटले नाही. त्या आजोबांचा नातू डोंगराला वळसा घालून तळे पाहताच मोठ्याने ओरडला होता, आणि ते ओरडणे वांग शियानचनच्या काळी शक्य नव्हते.

चौथा दिवस: लिऊ युआन आणि यी पू

सकाळी पाऊस. लिऊ युआनमध्ये छत्र्यांची गर्दी झाली होती, त्यामुळे थोडक्यात पाहिले. शू तायशी याने १५९३ साली रचलेली ही बाग १७९८ सालापर्यंत लिऊ शू याच्याकडे आली. त्याने तिला कवित्वपूर्ण नाव दिले, परंतु १८२३ साली बाग लोकांना पाहायला खुली झाली आणि येणारे लोक तिला नुसते ‘लिऊंची बाग’ म्हणू लागले. १८७३ साली शंग खांग याने ती विकत घेतली तेव्हा तायपिंग बंडात भोवतालचा परिसर जळून गेला होता आणि बाग तेवढी उरली होती. त्याने नाव बदलले, पण उच्चार तोच ठेवला: आडनावाच्या ‘लिऊ’ऐवजी ‘राहणे, थांबणे’ या अर्थाचा ‘लिऊ’. बागेला नाव देण्याचा अधिकार मालकाचा, परंतु ते लोकांच्या तोंडी बसलेलेच असावे लागले, हे मला या बागेतील साडेसहा मीटर उंचीच्या प्रसिद्ध ‘मेघमुकुट’ शिळेहून अधिक मोलाचे वाटते. युद्धकाळात येथे सैन्याने घोडे बांधले, आणि मौल्यवान नानमू लाकडाचे खांब त्यांनी कुरतडून मधोमध बारीक केले, असे सांगतात. १९५३ साली दुरुस्ती झाली, १९५४च्या आरंभी बाग उघडली.

दुपारी पाऊस थांबला आणि आम्ही यी पूच्या शोधात निघालो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोघांना शेजारी चालता येईना. दारांबाहेर वाळत घातलेले कपडे, खिडकीत लसणाच्या माळा. ही बाग अर्ध्या हेक्टरहूनही लहान आहे. तिच्या मालकांत वेन झेंगमिंगचा पणतू वेन झेनमेंग हा एक होता, आणि १८३९ साली ती रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाची कचेरी झाली. म्हणजे यू युआनमध्ये जे घडले तेच येथेही: विद्वानाची बाग आधी व्यापाऱ्यांच्या सामाईक मालकीत आली आणि मग सगळ्यांची झाली. पुढे ती मोडकळीस आली आणि १९८०च्या दशकात तिची दुरुस्ती झाली.

तळ्यावर झुकलेल्या लांब दालनात आता चहागृह आहे. येथे रांग नव्हती. शेजारच्या गल्लीतील दहा-बारा वृद्ध मंडळी आपापल्या ठरलेल्या टेबलांशी बसली होती. एका आजींनी पिशवीतून भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया काढून टेबलावर ओतल्या. आम्ही नव्या हंगामाचा बीलुओछुन चहा मागवला. काचेच्या पेल्यात आधी गरम पाणी आणि वरून पाने टाकली. लोकरीसारखी लव असलेली बारीक पाने एक-एक करून खाली उतरत गेली आणि उलगडली. तिकडे तळ्यात पागोळ्या पडतच होत्या. आजींनी मावसभावाला विचारले, आम्ही कुठले. भारतातून, असे सांगितल्यावर त्यांनी बियांची मूठ आमच्याकडे सरकवली आणि विचारले, “तिकडे अशी बसायला जागा आहे का?” त्यांनी बागेबद्दल विचारले नव्हते, बसण्याबद्दल विचारले होते. काल हरवलेली बैठक येथे गल्लीतल्या लोकांनी जपून ठेवलेली मला सापडली. आम्ही अडीच तास तेथे होतो. प्रवासातील सर्वांत मोठा काळ मी एका जागी बसले तो या, सर्वांत लहान बागेत.

पाचवा दिवस: वूशी

सुझोऊहून वूशी वीस मिनिटांच्या आत येते. सकाळी हुईशान टेकडीच्या पायथ्याशी जीछांग युआन पाहिली. छिन घराण्याने सोळाव्या शतकात केलेली ही बाग चारशे वर्षांहून अधिक काळ त्याच घराण्यात राहिली, हे चिनी बागांच्या इतिहासात फार विरळा आहे. वाटणी होऊन बाग मोडू नये म्हणून १७४६ साली भाऊबंदांनी ती घराण्याच्या पूर्वजमंदिराला जोडून सामाईक केली. छ्येनलोंग बादशहाला ती इतकी आवडली की त्याने बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यात तिची प्रतिकृती करून घेतली. १९५२ साली छिन कुटुंबाने बाग सरकारला दिली. दगडांतून वाहणाऱ्या झऱ्याचा आठ सुरांचा नाद ऐकला, टेकडीवरचा मनोरा उसना घेतलेला पाहिला, आणि दुपारी शहराच्या मध्याकडे निघालो, कारण आजचे खरे ठिकाण ते होते.

वूशीच्या लोकांना त्यांच्या या बागेचा फार अभिमान आहे. १९०५ साली स्थानिक प्रतिष्ठितांनी वर्गणी काढून, शहरातील काही पडीक खासगी बागांची जमीन जोडून, सर्वांसाठी एक बाग केली. चिनी लोकांनी स्वतः, स्वतःच्या पैशांनी, सगळ्यांसाठी केलेली ही देशातील पहिली बाग, असे येथे सांगतात. ‘गोंगयुआन’ हा शब्द तेव्हा नवा होता. जुन्या चिनी ग्रंथांत तो सरकारी बागेसाठी येई. सार्वजनिक बाग हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानकडून आला. वूशीकरांनी मात्र तो जसाच्या तसा न उचलता त्यात फुलाचा शब्द घातला आणि ते आजही तिला ‘गोंग हुआयुआन’, म्हणजे सगळ्यांची फुलबाग, असे म्हणतात. येथे तिकीट नाही. आरंभापासून कधीच नव्हते, असे ते सांगतात.

आत शिरल्यावर मला गंमत वाटली ती अशी की, बागेची अंगे सगळी जुनीच आहेत: तायहू सरोवराचे छिद्रे पडलेले दगड, तळे, वाकडा पूल, मंडप. सुझोऊच्या एखाद्या अधिकाऱ्याची बाग उचलून आणावी आणि भोवतालची भिंत काढून घ्यावी, तशी ती दिसते. मंडपात चार जण एर्हू हे दोन तारांचे वाद्य वाजवत होते आणि एक बाई शी नाट्यातील, म्हणजे वूशीकडच्या स्थानिक संगीतनाटकातील, पद म्हणत होत्या. दगडी वाटेवर एक गृहस्थ काठीएवढी लांब कुंचली पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरे काढत होते. शेवटच्या अक्षरापर्यंत येईतो पहिले वाळून जात होते. लोक थांबून वाचत, चुकले असे वाटले तर सांगत. पूर्वी खासगी बागेत मित्रमंडळी जमून कविता लिहीत, गाणे ऐकत, चहा पीत. येथे तेच चालले होते, फक्त निमंत्रणाची गरज नव्हती. बागेचे दगड जतन केले म्हणजे बाग जतन झाली, असे मी आजवर मानत आले. तिचा वापरही जतन करावा लागतो, आणि तो वूशीत झाला आहे.

संध्याकाळी मेईयुआन या जर्दाळूच्या बागेकडे धावती भेट दिली. झाडांचा बहर केव्हाच ओसरला होता. कापड आणि पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या रोंग बंधूंनी १९१२ साली ती करायला घेतली आणि आरंभापासून सर्वांना खुली ठेवली. जगाला सुगंध वाटण्यासाठी झाडे लावली आणि सगळ्यांबरोबर आनंद घेण्यासाठी डोंगर मोकळा केला, अशा आशयाच्या जोडओळी तेथे आहेत. १९५५ साली कुटुंबाने ती दान केली.

सहावा दिवस: पुन्हा शांघाय

परतीचे विमान रात्रीचे होते. सकाळी मी मावसभावाला झांग युआनला न्यायला सांगितले. “ताई, तिथे तर दुकानं आहेत,” तो म्हणाला. मला ते ठाऊक होते.

झांग शूहे हा मूळचा वूशीचा. त्याने १८८२ साली शांघायमध्ये एका इंग्रजाकडून जमीन घेतली, आपल्या आईसाठी बाग केली आणि १८८५ साली ती सर्वांना उघडी केली. तळे, हिरवळ, चहागृह, छायाचित्रणाची सोय, रात्रीचे विजेचे दिवे, आणि १८९३ साली बांधलेले मोठे सभागृह. हुआंगपू बागेच्या दारात ज्यांना अडवले जाई त्यांना येथे कोणी अडवत नसे. १९०१ आणि १९०३ साली ईशान्य चीनमधील मांचुरियात रशियाच्या चाललेल्या हालचालींविरुद्ध भरलेल्या सभा याच जागेत झाल्या. त्साय युआनपेई यांच्यासारखे विचारवंत येथे बोलले, आणि स्त्रियाही व्यासपीठावर आल्या. खासगी बाग शहराचे सभास्थान होऊ शकते, ही गोष्ट चीनमध्ये येथे प्रथम इतक्या ठळकपणे घडली. १९१०च्या दशकाच्या अखेरीस बाग बंद पडली, जमीन विकली गेली आणि तिच्यावर दगडी चौकटींच्या दारांच्या चाळींसारख्या रांगा उभ्या राहिल्या. ती घरे आता दुरुस्त करून त्यांत दुकाने आली आहेत.

दारावर नाव अजून आहे: झांग युआन, झांगांची बाग. आम्ही गल्ल्यांतून फिरलो. विटांची उत्तम डागडुजी, रुंद फरसबंदी, काचेआडच्या पिशव्या आणि घड्याळे. मावसभावाने विचारले, “सभा कुठे भरायच्या?” मी जुना नकाशा बरोबर आणला होता, तो उलगडून आम्ही एका कोपऱ्यात उभे राहिलो, उत्तर दिशा जुळवली, आणि तळे कोठे असावे, सभागृह कोठे असावे याचा अंदाज बांधू लागलो. पहारेकरी जवळ आला. आम्ही काय शोधतो आहोत हे मावसभावाने त्याला सांगितले. त्याने नकाशा हातात घेऊन बराच वेळ पाहिला, पुढच्या गल्लीकडे बोट केले आणि म्हणाला की, तिकडे कुंडीत दोन झाडे आहेत, हवे तर बघून या. आम्ही गेलो. मॅपलची कोवळी पालवी फुटली होती.